शीलाची पहिली फेरी

स्कॉटलंडातल्या अ‍ॅबर्डीनशरच्या डोंगरातल्या त्या गावात धम्मशीला मेश्रामला सगळे शीला म्हणतात. पूर्ण नाव उच्चारायचा प्रयत्न सुरुवातीला दोघा-तिघांनी केला, पण तिलाच त्यांची दया आली. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात बरीच वर्षं फार्मसिस्ट म्हणून काढल्यावर ती नवऱ्याच्या, म्हणजे सुहासच्या, हट्टापायी इथे आली. आता गावच्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात, औषधं देते आणि बर्फ पडला की स्की क्लबची स्नोमोबाइल, ती बर्फावरची गाडी, चालवते. हे दुसरं काम गळ्यात कसं पडलं म्हणाल, तर आधीच्या माणसाची कंबर धरली आणि मीटिंगमध्ये वेळेवर मान खाली घालायला ही विसरली.

काम मात्र तिला मनापासून आवडलं. जंगलातल्या वाटेवर पडलेला बर्फ आधी जड रोलर ओढून दाबायचा. मग मागे लोखंडी साचा लावून स्कीसाठी दोन समांतर खाचा पाडायच्या. रात्रीतून त्या गोठून कडक झाल्या तरच स्की सरळ धावते. इथे बर्फ टिकतो जेमतेम, एखादा हिवाळा तर कोरडाच जातो. म्हणून क्लबात एक रीत आहे: ज्याने वाट तयार केली, सकाळची पहिली फेरी त्याची. बाकीचे वाटेच्या तोंडाशी, फाटकाजवळ चहा पीत थांबतात. न मोडलेल्या त्या खाचांवरून एकटीने सुळकन निघून जायचं, या एका फेरीसाठी शीला वर्षभर झुरते.

पण वाट काही क्लबच्या मालकीची नाही. गावातले लोक तिथेच कुत्री फिरवायचे आणि बुटांखाली खाचांचा चुराडा व्हायचा. शेवटी नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये क्लबचा अध्यक्ष अ‍ॅलिस्टर म्हणाला की फाटकावर 'फक्त स्कीवाल्यांसाठी' असा बोर्ड लावू. स्कॉटलंडात कायद्याने कुणाला अडवता येणार नाही हे खरं, पण बोर्ड पाहून लोक आपणहून मागे फिरतील. सगळ्यांच्या माना डोलल्या. शीलाच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

"बोर्ड लावणार असाल तर मशीनची किल्ली ठेवून घ्या," ती म्हणाली. "वाट सगळ्यांची आहे."

एवढं तापायला काय झालं ते कुणाला कळेना. शीलाची आई चंदाबाई भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात वाढली. गावातल्या मधल्या रस्त्याने तिच्या लोकांनी जायचं नव्हतं. बाहेरून, खालच्या अंगाने, जिथे सगळ्या गावाचं सांडपाणी उतरायचं, तिथून त्यांनी ये-जा करायची. तिथेही बोर्ड नव्हताच, सगळ्यांना आपोआप माहीत होतं. नॉटिंगहॅमला दर आंबेडकर जयंतीला शीला ही गोष्ट स्टेजवरून सांगायची आणि अख्खा हॉल डोळे पुसायचा.

त्या दिवशी तिने तोडगाही काढला. खाचांच्या बाजूला चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी दाबून देईन, म्हणाली. बोर्ड बारगळला आणि ही गड जिंकल्यासारखी घरी आली.

जानेवारीत बर्फ पडला. रविवारी शाळेच्या मुलांची शर्यत ठरली. शुक्रवारी सर्जरीतून सुटल्यावर शीलाने दोन खाचांच्या दोन जोड्या आणि कडेला पट्टी अशी सगळी वाट तयार केली. शनिवारी सकाळी जाऊन पाहते तर बुटांचे आणि कुत्र्याचे ठसे सरळ खाचांतून गेलेले, आणि पट्टीवर एक पाऊल नाही. तिचं डोकंच फिरलं. ठशांच्या मागे मागे जाऊन तिने वळणावर मॉइराला गाठलं. मॉइरा म्हणजे गावची जुनी पोस्टवाली, आता रिटायर झालेली, हातात काठी.

"तुमच्यासाठी वेगळी पट्टी केली आहे ना?" शीलाने विचारलं.

"केलीस खरी," मॉइरा म्हणाली. "तू चालून पाहिलीस?"

नव्हती पाहिली. मशीनवर बसून पाहिली होती, आणि तिथून ती छान दिसत होती. शीला तणतणत पट्टीवर उतरली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. पट्टी ओढ्याच्या अंगाला, उताराची. स्कीची वाट गुळगुळीत करताना बाजूला सारलेली ढेकळं, काटक्या, सगळं तिथेच येऊन पडलेलं. खाली पाणी झिरपत होतं, ते बुटात शिरलं.

"तुमच्या वाटेवर नको ते सगळं आमच्या वाटेवर," मॉइरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

शीला त्या पाण्यात तशीच उभी राहिली. तिला लाज वाटली, कानांच्या पाळ्या तापतील इतकी. आईची गोष्ट तिला तोंडपाठ होती, आणि एवढं असून तिने स्वतःच्या हातांनी लोकांना खालच्या अंगाला काढलं होतं, वर सगळ्यांकडून कौतुकही करून घेतलं होतं.

घरी न जाता ती तडक अ‍ॅलिस्टरकडे गेली. पट्टी वरच्या कोरड्या अंगाला घ्यायची, स्कीला खाचांची एकच जोडी ठेवायची, म्हणाली. अ‍ॅलिस्टर माणूस वाईट नाही, पण तो हादरला. शर्यत उद्यावर आली, मुलं जोडीजोडीने धावणार, त्यात उद्याच दुपारपासून हवा तापणार. शीला म्हणाली की मुलं एकामागून एक धावतील.

"आणि हे सगळं करणार कोण?"

"किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

शनिवारचा अख्खा दिवस ती राबली. शांतता हवी म्हणून डोंगरात आलेला सुहास फावडं घेऊन कुरकुरत का होईना, शेवटपर्यंत सोबत होता. ओढ्याकडचा बर्फ त्यांनी वर ओढला आणि काटक्या हाताने वेचल्या. या वेळी तिने आधी चालणाऱ्यांची पट्टी दाबली आणि उरलेल्या रुंदीत खाचा पाडल्या.

रविवारी सकाळी फाटकाशी मुलं, आईबाप, थर्मास अशी जत्रा जमली. मॉइराही कुत्र्याला घेऊन एका बाजूला उभी होती. पाइनच्या फांद्यांवरून थेंब गळायला लागले होते.

"पहिली फेरी तुझी," अ‍ॅलिस्टरने शीलाच्या स्की पुढे केल्या. "लवकर कर, मुलं ताटकळली आहेत. दुपारपर्यंत काही उरणार नाही."

शीलाने खाचांकडे पाहिलं. जीव तुटला तिचा. मग स्की घेऊन तिने फाटकाशी बर्फात रोवल्या.

"मुलांना सोडा," ती म्हणाली. "मी आधी चालून येते."

आणि वरच्या पट्टीवर एकेक पाऊल दाबून पाहत ती निघाली. त्या हिवाळ्यात पुन्हा बर्फ पडला नाही.