ठिपके मोजणारे मिस्त्री

मिस्त्री विचारात पडले की स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने कानामागे खाजवत आणि म्हणत, "नाय ओ, समजलं नाय." म्हणायचे मात्र अशा खुशीत, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना काहीतरी सापडलंय.

तुम्हीही कारागीर पाहिले असतील. 'काय बिघडलं?' असं विचारायचा अवकाश, उत्तर तयार. मिस्त्रींचं उलट. त्यांचं सारं आयुष्य बोटीवर विजेची कामं करण्यात गेलेलं. बायको वारली, मुलगा मुंबईला. पन्नाशी उलटल्यावर ते मिरकरवाड्यातल्या घरी येऊन राहिले. रत्नागिरीतल्या एका लहानशा दवाखान्यात मी तेव्हा एक्स-रे काढायचो. पन्नास सालानंतरची ही गोष्ट.

आमचं यंत्र बिघडलं होतं, पण धड बिघडतही नव्हतं. आकडे तेच, बटण तेच, माणूसही तोच. तरी फिल्म कधी तांदळाच्या धुवणासारखी फिकी, कधी काजळासारखी काळी. मधूनच एखादी अगदी झकास. मुंबईचा इंजिनियर महिनाभर येणार नव्हता, म्हणून डॉक्टरांनी मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी पहिला संशय माझ्यावरच घेतला. "फिल्म धुवायचं औषध जुनं झालं असेल रे बाबा."

मी चिडलो. एकाच टाकीत, एकाच वेळी दोन फिल्म धुऊन दाखवल्या. एक फिकी, एक चांगली. त्यांनी दोन्ही खिडकीशी धरल्या आणि म्हणाले, "तू सुटलास."

दुसऱ्या दिवशी ते चक्क भोवरा घेऊन आले. पितळेची गोल चकती, काठाजवळ एक भोक, मधोमध खिळा. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, त्यावरून त्यांनी तो बंदरावर करून घेतला होता. फिल्मवर भोवरा फिरवायचा आणि तो फिरत असतानाच बटण दाबायचं. आमच्या यंत्रातून किरण सेकंदाला शंभर ठोक्यांनी येत. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात भोकातून दहा ठिपके उमटायला हवेत.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "मिस्त्री, हा दवाखाना आहे की जत्रा?"

"साहेब, जरा बाजूला. भोवरा पडेल."

पहिल्या फिल्मवर दहा ठिपके आले, ठसठशीत. दुसरीवर दहाच, पण फिके. तिसरीवर तेरा!

"वेळ बरोबर तर जोर कमी. जोर बरोबर तर वेळ जास्त," मिस्त्री पुटपुटले. "नाय ओ, समजलं नाय."

मला तर काहीच कळेनासं झालं. चार दिवस आम्ही ठिपके मोजत होतो. सकाळी पटलेलं दुपारी खोटं ठरायचं.

त्या चार दिवसांत बाहेरच्या बाकावर एक तरुण शिक्षिका रोज येऊन बसायची. तिच्या छातीच्या फोटोत डॉक्टरांना धूसर डाग दिसला होता. क्षयाचा संशय म्हणून तिला आठ महिन्यांच्या बाळापासून लांब राहायला सांगितलं होतं. सासू बाळाला घेऊन चिपळूणला गेली होती. ती मला एवढंच विचारायची, "फोटो पुन्हा नाही का निघणार?"

मिस्त्रींनी तिच्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. "तिची आधीची फिल्म काढ बघू." मी कपाटातून काढली. फिकी होती. ते तसेच डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"साहेब, त्या बाईंचा फोटो रद्द करा."

"रोग मी ओळखायचा की तुम्ही?"

"रोग तुम्हीच ओळखा. पण फोटो खरा की खोटा हे मलाच ठाऊक नाय, तर तुम्हाला कसं असणार?"

डॉक्टर लाल झाले.

त्याच दुपारी मिस्त्री यंत्रासमोर बसले असताना खोलीतला दिवा मंदावला. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग यंत्रावरच्या विजेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे. काटा जागचा हलला नव्हता. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा धपकन खाली आला.

"बर्फाचा कारखाना!" ते ओरडले.

बंदराकडच्या कारखान्याची मोटर सुरू झाली की गावातली वीज मंदावायची. काटा खाऱ्या हवेने गंजून अडकलेला, आणि मी महिनोन् महिने त्याच्याच भरवशावर बटण दाबत होतो. मला मान वर करवेना. मग त्यांनी किरण किती वेळ सोडायचे ते ठरवणारं घड्याळही उघडलं. त्यातला एक सांधा जळून खरखरीत झाला होता, मधूनमधून चिकटून राहत होता. म्हणून तेरा ठिपके. त्यांनी सांधा घासून साफ केला, काटा मोकळा केला.

"दोन बिघाड होते रे बाबा. आपण एकच शोधत बसलो."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः बाहेर जाऊन शिक्षिकेला आत बोलावलं. नवी फिल्म स्वच्छ निघाली, डाग कुठेच नव्हता. तिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "चिपळूणची गाडी किती वाजता आहे?"

मला वाटलं, संपलं. मिस्त्री मात्र कानामागे खाजवत उभेच. "साहेब, फिकी फिल्म नसलेला रोग दाखवते. मग काळी?"

"असलेला लपवते," डॉक्टर हळूच म्हणाले.

काळ्या फिल्मवाल्या सगळ्यांना आम्ही परत बोलावलं. एक सोडून सगळे आले. न आलेला भाट्याच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. 'डॉक्टरांनीच मला धडधाकट म्हटलंय,' असा त्याचा निरोप आला. मिस्त्री तीनदा गेले, तिसऱ्यांदा त्याला घेऊनच आले. त्याच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग होता, आणि या वेळी यंत्राला दोष देता येत नव्हता.

घाटावरच्या क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये जागा मिळाली, पण तरवाल्याला न्यायला घरचं कुणी तयार होईना. भाऊसुद्धा दाराबाहेरूनच बोलत होता. मिस्त्री म्हणाले, "मी जातो."

ते त्याचे ना नात्याचे, ना जातीचे. का गेले, मला तेव्हाही उमगलं नाही, आजही सांगता येत नाही. दीड वर्षाने तरवाला बरा होऊन आला. मिस्त्री आले नाहीत. तिथेच विजेच्या कामाला राहिले, असं तरवाल्याने सांगितलं. पुढे त्यांची माझी भेट झाली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एस. टी. स्टँडवर. तरवाला मागच्या बाकावर बसला, खोकला, आणि आजूबाजूची माणसं उठून पुढे गेली. गाडी सुटली तेव्हा पुढे लोक दाटीवाटीने उभे होते. मागच्या अख्ख्या बाकावर दोघंच. मिस्त्रींनी आपली चादर काढून त्याच्या गुडघ्यांवर घातली होती आणि ते त्याच्याकडे वाकून काहीतरी विचारत होते.