अंगठा, करंगळी आणि वसंता

मागच्या महिन्यात सकाळीच कापड्याहून सुनंदावहिनींचा फोन आला. “भावोजी, हे गेले हो... चहा मागितला, नि मी आणेस्तोवर...” फोन ठेवला आणि माझ्या कानात वसंताचं ते गडगडाटी हसणंच घुमत राहिलं.

महाडच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात तो फिटर, मी इलेक्ट्रिशियन. तरुणपणी एकदा तो बंद मिक्सरची पाती सोडवत होता. हात आत असतानाच पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण तोवर उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली होती. तेव्हा लग्न ठरलेलं, पत्रिकाही वाटून झालेल्या. दवाखान्यातून त्याने मुलीकडे निरोप धाडला, ‘लग्न मोडा.’ दुसऱ्याच दिवशी नाते गावाहून सुनंदा वडिलांना घेऊन खाटेपाशी हजर! पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाली, “मोडायचं तर तुमच्या तोंडानं सांगा. तोंडाला तर काय झालं नाय ना?” वसंता आधी रडला, मग असा हसला की नर्स ओरडत आली. लग्न ठरल्या तारखेलाच झालं... वरातीत नवरदेव हात उंचावून सगळ्यांत जास्त नाचला.

कामावर परतल्यावर त्याने एकच हट्ट धरला. मशीन उघडायचं तर आधी स्विचला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. साहेब घाई करू लागले की हा हात पुढे करायचा, “साहेब, माझी बोटं अजून उगवतायत. तोवर जरा दम धरा.” साहेबही हसायचे, थांबायचे. तो निवृत्त होईपर्यंत आमच्या खात्यात पुन्हा कुणाचं बोट गेलं नाही.

परवा कापड्याला जाऊन आलो. वहिनींच्या कडेवर वसंताची दोन वर्षांची नात होती. मी स्कूटरवर बसून निघालो तसं वहिनी म्हणाल्या, “या आजोबांना टाटा कर गो.” पोरीने मधली तिन्ही बोटं मिटली आणि अंगठा-करंगळी नाचवली.

“पाची बोटं उघड म्हटलं तर ऐकत नाय,” वहिनी डोळे पुसत हसल्या. “टाटा असाच करतात, असं वाटतं तिला!”

मी स्कूटर थांबवली, तीन बोटं मिटली आणि हात हलवला.