काट्यावर बैल उभे राहत नाहीत

गोरक्षनाथ काष्टीजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि पुढे वजनकाट्यावर आला. काट्याला कॉम्प्युटर जोडला तेव्हा दुसरं कुणी हात लावेना. याने लावला. शब्दकोश जवळ ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचली. बायको मनकर्णा मिरजगावला, अंथरुणावरच्या सासूचं करायला. हा कारखान्याच्या चाळीत एका खोलीत. जेवताना रेडिओ लावायचा, ऐकायचा नाही.

काट्याचा आकडा कॉम्प्युटरवर आणायला तो एक लायब्ररी वापरायचा. म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार भाग. परदेशातल्या कुणी माणसांनी तो बनवून सगळ्यांना मोकळा ठेवला होता. पक्की आवृत्ती अजून निघाली नव्हती. जुनी कच्ची त्याने मागचा हंगामभर चालवली. ती मधूनच अडकायची आणि सोडवणं त्याच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. काटा सोडून हलता येत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या हंगामाआधी नगरच्या कॉम्प्युटर क्लासमधून त्याने नवी कच्ची फ्लॉपीवर आणली. बनवणाऱ्यांनी लिहिलं होतं, आता अडकणार नाही; वजन स्थिर झालं की मगच आकडा घेईल. ही चालली तर काटा दुसऱ्या कारकुनावर सोपवून संक्रांतीला घरी जाता येणार होतं.

कोणती घ्यावी, हे विचारायला त्यातलं कळणारं माणूस नव्हतं. हेडक्लार्क आप्पासाहेबांना विचारलं.

"दोन्ही कच्च्या म्हणतोस ना? मग आडीत घाल, पिकतील," ते म्हणाले आणि चहाला गेले.

त्याने कारखान्याचा ट्रॅक्टर काट्यावर आणून इंजिन बंद केलं. नवीने आकडा लगेच घेतला. भरलेल्या ट्रॉलीसकट आणि मोकळा, दोन्ही वजनं बरोबर. त्याने मनकर्णाला येतो म्हणून कळवून टाकलं.

गळीत सुरू झालं आणि खर्ड्याकडच्या ऊसतोडणीवाल्यांच्या बैलगाड्या आल्या. पहिली गाडी कचरू आणि आक्काबाईची. गाडी बैलांसकट काट्यावर चढली. बैल मान हलवी, पाय बदली, की पडद्यावरचा आकडा हले. प्रोग्रॅम वजन स्थिर व्हायची वाट बघत बसला. आक्काबाईने बैलांच्या तोंडाशी उसाचं हिरवं वाढं धरलं, तर ते चघळताना आणखी हलायला लागले. कचरूने वेसण धरली.

"किती येळ धरू, अण्णा?" त्याने विचारलं. "जित्राब हाय. दगडावानी कसं ऱ्हाईल?"

मागे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. बनवणाऱ्यांनी काट्यावर बैल कधी पाहिला नसणार. आणि याने बैल लावून बघितलाच नव्हता. लायब्ररी आतून उघडी होती, पण चालू हंगामात तिच्यात हात घालण्याइतका त्याला भरवसा नव्हता. त्याने जुनी परत चढवली; ती आकडा स्थिर व्हायची वाट बघत नसे. कचरूची गाडी लगेच मोजली गेली.

संध्याकाळी बूथवरून त्याने मिरजगावला शेजाऱ्यांकडे फोन लावला. मनकर्णा येईपर्यंत मीटर पळत होतं. संक्रांतीला जमत नाही, हे त्याने कारणासकट सांगितलं.

"बैलं उभी ऱ्हाईनात म्हनून तुमी येत न्हाई?"

"व्हय."

ती म्हणाली, "मी बी हितं हलू शकत न्हाई. जेवत जावा."

तो परत आला तेव्हा प्रोग्रॅम अडकला होता आणि गाडीवाले खोळंबले होते. त्याने तो सोडवला आणि पुढची गाडी घेतली.