झुलीखालचा वास

परवा पोळ्यासाठी सुनेनं बैलाची जुनी झूल उन्हात टाकली आणि अत्तराचा शिळा वास आला. लंपीच्या साथीत हीच झूल मी गाठी आलेल्या बैलावर टाकली होती. असा बैल घरीच बांधा, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पोळ्याला वेशीतून पहिला बैल आमचा जायचा, तो मान सोडवेना. "गाठी फुटून राह्यल्या, नका नेऊ," बायको म्हणाली. "झूल टाकल्यावर काय दिसतंय," म्हणत मी वर अत्तर शिंपडलं. मिरवणुकीनंतर शेजारच्या वहिनींनी आपल्या दारात बैलाला ओवाळलं, पुरणपोळी चारली, पायांवर डोकं टेकवलं. झुलीच्या कडेनं पू ओघळून गेरूत मिसळत होता आणि तिथल्या माशा उठून त्यांच्या गाईवर बसत होत्या. वहिनींनी गाईला लस टोचून घेतली ती त्यानंतर, लागण होऊन गेल्यावर. गाय सडून मेली. "सुईनंच मारली, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि मी "बराबर" म्हणालो. मग आमच्या गल्लीत लसवाल्याला कोणी दारात उभं केलं नाही. काल लस द्यायला डॉक्टर आले, तेव्हा वहिनी नव्या गाईपुढं दार अडवून उभ्या होत्या. मी ती झूल त्यांच्यासमोर टाकली आणि सगळं सांगितलं. वहिनी डॉक्टरांना वाट देत म्हणाल्या, "मी तर त्या बैलाच्या पाया पडल्ते, भाऊजी."