मंदाची साडेतीनची बैठक

पूजाचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. "मावशी, आई गेली गं..." पूजा म्हणजे मंदाची मुलगी. सकाळी चहा टाकता टाकता मंदा कोसळली, ती उठलीच नाही. आणि खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता साडेतीनला तिची माणसं कुणाला बघणार? इतकी मी जळत होते तिच्यावर.

आम्ही दोघी एकाच लावणीच्या पार्टीत होतो. लालबाग-परळच्या मंडळांचे कार्यक्रम, कुठे सत्यनारायण, कुठे हळदी. मी पुढे नाचायचे, शिट्ट्या मला पडायच्या. मंदा मागे कोरसमध्ये. मग तिचे गुडघे गेले. मला वाटलं, संपली बाई. तर हिनं भोईवाड्याच्या खोलीत पूजाच्या कॉम्प्युटरसमोर बसून ऑनलाइन बैठकीची लावणी सुरू केली. जागचं हलायचं नाही. एकच ओळ धरायची आणि डोळ्यांनी, भुवईनं, बोटांनी तिचे दहा अर्थ काढून दाखवायचे. "कॅमेऱ्यात मावतं तेवढंच नाचायचं, शैले," म्हणाली. मी हसले होते. पहिल्या महिन्यात बघायला तीन-चार माणसं, त्यात एक तिचा सख्खा भाऊ! पण बाई हटली नाही. मंगळवार सोडला तर रोज साडेतीनला नऊवारी, नथ, गजरा घालून हजर. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, सगळं लक्षात ठेवून नावानिशी विचारायची. कुणी वाह्यात लिहिलं की भुवई उचलून त्याला बाहेर काढायची. वर्षभरात माणसं ठरलेली झाली, त्यांच्याकडून दर महिन्याला पगारासारखे पैसे येऊ लागले. माझे कार्यक्रम तेवढ्यात डीजेनं खाल्ले. मी तिच्याकडे जायचे ती तिचं काय चुकतंय ते बघायला. काही चुकायचं नाही मेलीचं!

एकदा म्हणाली, "तू ये ना, दोघी बसू. तुझा चेहरा माझ्यापेक्षा बोलका आहे." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "उपकार नकोत गं मला." तिनं चहा ओतला... आणि पुन्हा कधी विचारलं नाही. अजून एकदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. वाट बघत होते मी. मला हवं होतं ते सगळं तिनं मिळवलं, वर मोठेपणाही तिचाच.

तेराव्यानंतर पूजा म्हणाली, "मावशी, लोक रोज येऊन थांबतायत. मला सांगवत नाही, तू सांग." सांगायला गेले, पण नेसले मात्र नऊवारी. पूजा बघतच राहिली. कॅमेरा सुरू झाला आणि मी सवयीनं मुजऱ्याला उभी राहिले. स्क्रीनवर माझं नुसतं पोट! खाली कुणीतरी लिहिलं, "ताई, बसा, चेहरा दिसत नाहीये." बसले. हात जोडून म्हटलं, "मंदा गेली..." लोक लिहीत सुटले, वरचा बघणाऱ्यांचा आकडा चढत गेला. जन्मात एवढी माणसं माझ्यासमोर बसली नव्हती, आणि त्यातलं एकही माझ्यासाठी आलं नव्हतं.

पूजानं हळूच विचारलं, "मावशी, बंद करू?"

मी डोळे पुसले, पदर नीट केला. म्हटलं, "थांब गं. अजून येतायत."