पाळण्यामागची ओल

असल्या गोष्टींवर हसणारा मुलगा मी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच, त्यामुळे काही अडलं की "तू सायन्सला आहेस ना, सांग" हे ठरलेलं. हे मात्र मला सांगता आलेलं नाही... म्हणून इथे लिहितोय.

आम्ही ठाण्यात बाळकुमला राहतो. तळ्याला लागून बैठी चाळ आहे, तिच्यातली शेवटची खोली आमची. मागच्या भिंतीपलीकडे दोन पावलं जागा, मग रेलिंग, मग तळं. पाणी जमिनीतून पाझरतं, त्यामुळे ती भिंत बाराही महिने गुडघ्यापर्यंत ओली. लहानपणापासून बघतोय, त्यात विशेष काही नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली, चिऊ. आमच्यात सव्वा महिन्याने बाळंतीण पाणी पुजते. गावी विहीर पुजतात. इथे आईने मोरीतल्या नळालाच हळदकुंकू लावलं. शेजारच्या जनाकाकू, मूळच्या इथल्याच, दारातून बघत होत्या.

"नलाला कुठं पुजतात गो? ज्याचे काठी र्‍हाता, त्या तल्याला पुजा."

"तळ्याच्या गेटला कुलूप असतं काकू," आई हसली. "आणि पितो ते नळाचंच ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊच्या पाळण्यामागच्या त्या ओल्या भिंतीवर बर्फ होता.

हो, बर्फ. ठाण्यात. मी पंखा लावून झोपलेलो. ओलीवर बोटभर जाड थर, काचेसारखा. बाबा म्हणाले, "फ्रीज गळला असेल." फ्रीज तर समोरच्या भिंतीला! मी उलथन्याने खरवडून काढला. सकाळी पुन्हा तेवढाच. एक तुकडा थर्मासमधून कॉलेजला नेला. सरांनी झाकण उघडलं... "पाणी आहे रे हे." त्या दिवसापासून वर्गात मी 'बर्फवाला'.

मग आम्ही पाळणा दाराजवळ हलवला. सकाळी बर्फ भिंत सोडून लादीवर उतरलेला — दाराच्या दिशेने. तेव्हा खरे घाबरलो. चिऊ रडायची नाही, उलट मान वळवून तिकडेच बघत राहायची. हात गार. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, पण ओलीत ठेवू नका. भावोजी त्याच दिवशी दोघींना आंबिवलीला घेऊन गेले. ताई रडत गेली, तिला अजून राहायचं होतं.

त्या संध्याकाळी भिंत सुकली. नुसता बर्फ नाही, ओलच गेली. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, तरी भिंत कोरडी. आई खूश. पाझराने दुसरी वाट धरली असेल, अशी मी माझी समजूत घातली. जमिनीतल्या पाण्याचं होतं तसं. बर्फाचं काय, ते मला अजूनही कळलेलं नाही.

परवा ताईचा फोन आला. आवाज बारीक.

"अरे, चिऊ झोपते त्या भिंतीला ओल आलीये."

"वरच्यांचं बाथरूम गळत असेल गं."

"खालून वर चढतेय. आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर." मग म्हणाली, "शेवाळाचा वास येतो रे, आपल्या मागच्या दारी यायचा तसा. तळ्यावर येऊन पुजू का? हे हसतात मला... तू सायन्सला आहेस ना, सांग."

दिवाळी होऊन गेलीये. सकाळी हवेत गारवा जाणवायला लागलाय.

"ये ताई," मी म्हटलं. "थंडी पडायच्या आत ये. गेटचं कुलूप असू दे, रेलिंगमधून हात पाण्यापर्यंत पोचतो... मी बघून आलोय."