एकासाठी केलेला हात

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात डाव्यापेक्षा कितीतरी काळा होता. वहिनी म्हणायची, "एक कोळशाच्या वखारीतून आणलाय आणि एक दुधाच्या डेअरीतून." दादा घाटात शेअर टॅक्सी चालवायचा आणि त्याचा उजवा हात कायम खिडकीबाहेर असायचा. ऊन असो, धुकं असो, काच काही वर जायची नाही. मागच्या सीटवरच्या बायका थंडीने कुडकुडत त्याच्या नावाने खडे फोडायच्या, पण हा आपला ढिम्म.

तो हात मोटारसायकलवाल्यांसाठी होता. आमचा घाट म्हणजे नुसती वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. टॅक्सीच्या मागे अडकलेल्या मोटारसायकलवाल्याला पुढचं काहीच दिसत नाही, दिसते ती गाडीची मळकी पाठ. पुढचं दिसतं ते टॅक्सीवाल्याला. म्हणून इथे एक रीत पडून गेली होती. टॅक्सीवाल्याने पंजा उभा धरला की मागच्याने थांबायचं, हात पुढे लोटला की निघायचं, आणि जाताजाता दोनदा हॉर्न वाजवून आभार मानायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

बाकीचे ड्रायव्हर मनात आलं तर हात करायचे. दादाचं तसं नव्हतं. तरुणपणी मित्राची मोटारसायकल घेऊन तो सरळ कुंपणात शिरला होता, तेव्हापासून दोन चाकांवर बसणाऱ्यांची त्याला फार कणव. "आपल्याभोवती पत्रा तरी आहे," तो म्हणायचा, "त्यांच्याभोवती काय, शर्ट!" स्टँडवर त्याचं नाव पडलं कंदील. कंदीलने हिरवा दाखवला की डोळे मिटून जावं, असं पोरं म्हणायची. मी स्टँडवरच बुकिंगच्या खिडकीत बसते. मी म्हणायचे, "डोळेच मिटायचे तर घरी झोपा की!" सगळे हसायचे, दादाही हसायचा.

त्याच्या हातावर सगळ्यात जास्त भरवसा टपालबाईचा. ही वरच्या वस्त्यांवर मोटारसायकलने टपाल पोचवायची. अंगाने किडकिडीत, पण आवाज असा खणखणीत की इंजिन चालू असतानाही माझ्या खिडकीपर्यंत यावा. कितीतरी वर्षं ती दादाच्या मागून घाट चढली आणि त्याच्या हातावर पुढे गेली. तिचा एकुलता एक मुलगा वीजमिस्त्री झाला आणि त्याला वरच्या गावात काम मिळालं, तेव्हा घाटात गाडी चालवायला तिनेच त्याला शिकवलं. मोठ्या गाडीच्या मागे धीर धरायचा, ड्रायव्हरचा हात दिसल्याशिवाय पुढे काढायची नाही. "आणि कंदीलभाऊंचा हात असला, तर विचारच करायचा नाही," असं आपण त्याला बजावल्याचं तिने मला खिडकीशी उभं राहून मोठ्या कौतुकाने ऐकवलं होतं.

त्या सकाळी दादा भरलेली गाडी घेऊन वर चालला होता. एका वळणाआधी दरीपलीकडचा रस्ता दिसतो. तिथून एक ट्रक उतरत होता, पण लांब होता. दादाने आरशात पाहिलं, मागे एक मोटारसायकल होती. एक गाडी आरामात निघून जाईल एवढा वेळ होता. त्याने हात पुढे लोटला. ती गाडी गेली, दोनदा हॉर्न वाजला, दादाने हात आत घेतला.

त्या मोटारसायकलच्या बरोब्बर मागे, एका रेषेत, दुसरी होती. आरशात ती पहिलीच्या आड गेली होती. तिच्यावरच्यानेही हात पाहिला आणि तोही निघाला. तो टॅक्सीच्या बरोबरीला आला आणि वळणावरून ट्रक समोर आला. दादाने गाडी कड्याला घासली, करकचून ब्रेक मारला. ट्रकवाल्यानेही मारला. काही उपयोग झाला नाही. दादा उतरून धावला, हेल्मेटची काच वर केली, तर टपालबाईचा मुलगा.

पोलिसांनी दादाला विचारलं, "तुमची गाडी कुठे होती? वेग किती होता? त्याने ओव्हरटेक केलं का?" विचारलं तेवढ्याचंच उत्तर दादाने दिलं. हाताचं त्यांनी विचारलंच नाही. कागदावर आलं की मयताने आंधळ्या वळणावर बेदरकारपणे वाहन पुढे काढलं. टॅक्सीतल्या प्रवाशांपैकी कुणी झोपलेलं, कुणी फोनमध्ये डोकं घातलेलं. पहिला मोटारसायकलवाला कधीच पुढे निघून गेला होता, तो कोण हेही कुणाला ठाऊक नव्हतं. हाताचं ठाऊक होतं ते फक्त दादाला, आणि त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं म्हणून मला आणि वहिनीला.

मी त्याला म्हटलं, गप्प बस. आजही तेच म्हणेन. माणूस गेला तो गेला, तू तोंड उघडलंस तर लायसन जाईल आणि घरच्यांच्या पोटावर पाय येईल. तू काही त्याला ये म्हणून बोलावलं नव्हतंस. वहिनी नुसती त्याच्या ताटाकडे बघत राहिली. ताट भरलेलंच होतं.

दादाने हात करणं बंद केलं. काच वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मोटारसायकलवाले मागून हॉर्न मारमारून थकायचे, स्टँडवर येऊन मला विचारायचे, "ताई, कंदीलला काय झालंय?" मी म्हणायचे, "थंडी बाधते त्याला आता." थंडीचे दिवस संपले, उन्हाळा आला, तरी काच वरच. हळूहळू त्याचा उजवा हात उजळत गेला. वहिनीने त्यावर थट्टा केली नाही. खरं सांगते, मला त्या गोऱ्या होत चाललेल्या हाताकडे बघवायचं नाही.

टपालबाईने घाट सोडला. ऑफिसात पत्रं लावायचं काम मागून घेतलं. तिचा दीर चारचौघांत म्हणाला होता, "आईनेच पोराच्या हातात गाडी दिली, वर शिकवलंही हेच." ती माझ्या खिडकीशी आली, तेव्हा तिचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. तिने एकच विचारलं, "ताई, त्या दिवशी माझ्या मुलाला कुणी हात केला होता का हो? तो हात बघितल्याशिवाय जायचा नाही." मी म्हटलं, "मला काय माहीत बाई, मी तर इथे बसलेली असते." तिने मान हलवली आणि ती गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली आणि तेच विचारलं.

मग त्या वळणावर बोर्ड लागला. रस्ता सुरक्षेवाल्यांनी चेंदामेंदा झालेल्या त्याच मोटारसायकलचा भला मोठा फोटो लावला आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, 'याने केली घाई, घरी रडते आई.' ज्याला हे यमक सुचलं त्याला एकदा माझ्या खिडकीशी आणून उभं करावं, असं मला फार वाटतं. दादाला रोज जाताना आणि येताना त्या बोर्डासमोरून जावं लागायचं. एके दिवशी तो भरलेली गाडी घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवले आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "चल माझ्याबरोबर. एकट्याने होणार नाही."

"कुठे?"

"टपालबाईकडे. त्याने घाई केली नव्हती गं."

मी भांडले. लायसनचं सांगितलं, त्याच्या मुलीच्या लग्नाचं सांगितलं, टॅक्सी युनियनच्या सेक्रेटरीची भीती घातली. तो नुसता उभा राहिला. शेवटी मी खिडकी लावली आणि त्याच्या मागोमाग निघाले.

तिचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मुलाचे स्क्रूड्रायव्हर अजून भिंतीवर ओळीने टांगलेले, दाराशी त्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली. कशासाठी लावत असेल, कोण जाणे. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. दादाने पेल्याला हात लावला नाही.

"बाई, हात मी केला होता," तो म्हणाला. "पुढच्या गाडीला. तुमचा मुलगा मागे आहे हे मी बघितलं नाही. त्याने माझा हात बघितला आणि आला. त्याची काही चूक नव्हती. मी पोलिसांना सांगायला जाणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला आलोय."

ती आरडाओरडा करेल, अंगावर धावून येईल, याची मी तयारी ठेवली होती. माझीही जीभ काही म्यानात नसते. पण ती हळूच खाली बसली.

"म्हणजे त्याने माझं ऐकलं होतं," ती म्हणाली. "एवढे दिवस मी रोज त्याला शिव्या घातल्या, कंदीलभाऊ. रोज. तुला सांगितलं होतं ना, सांगितलं होतं ना, असं. त्याच्यावर राग होता म्हणून मी सकाळी उठत तरी होते. आता मी काय करू?"

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याने ते पुसलं नाही.

थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे वळली. "कसा केला होता हात? दाखवा बरं मला."

"नको, बाई."

"दाखवा. मला बघायचाय."

दादाने उजवा हात उचलला. खुर्चीशेजारच्या रिकाम्या जागेत, खिडकीतून काढावा तसा त्याने तो बाहेर काढला आणि सावकाश पुढे लोटला. तिने त्या हाताकडे नीट पाहिलं, इतकी वर्षं घाटात पाहत आली होती तसं.

"हो," ती म्हणाली. "मीसुद्धा गेले असते."

दादाला तो हात खाली कसा घ्यावा हेच कळेना.